वसूल झालेले पैसे

आमच्या आज्जाचा हिशेब सरळ होता. एखादी वस्तू घरात आली की तिच्यापायी घरातून काय गेलं, तेवढंच तो लक्षात ठेवायचा. लोखंडी नांगर म्हणजे आज्जीचे चांदीचे गोट. कंदील म्हणजे शेंगांचं एक पोतं. बॅटरी म्हणजे एक बोकड. रुपये किती पडले असं विचारलं तर म्हणायचा, "रुपयं येत्यात नि जात्यात, बोकड एकदाच जातंय." या तिन्ही वस्तूंनी आमचे पैसे फेडले. तिसरीची किंमत मात्र आम्हाला नको त्या वेळी कळली.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं. पुणे-मिरज रेल्वेवर एका अंगाला ओगलेवाडी, दुसऱ्या अंगाला किर्लोस्करवाडी. कंदील तिकडनं आला, नांगर इकडनं.

नांगराआधीची गोष्ट आज्जाकडून ऐकलेली. बाभळीचा नांगर काळ्या रानात चालवायला सहा-आठ बैल लागायचे. एवढे बैल कुणाच्या एकट्याच्या दावणीला असणार? मग पैरा करायचा. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. ज्याची पाळी शेवटी, त्याच्या रानावर वळीव पडून ढेकळं आवळलेली असायची. एवढं करूनही लाकडी नांगर जमीन फाडायचा, पालथी करायचा नाही. कुंदा खालीच राहायचा. कुंदा ज्याच्या रानात शिरला त्याला रात्री झोप नसते. आज्जाच्या तरुणपणी माणसं कुदळी घेऊन कमरेएवढे खड्डे काढायची आणि कुंद्याच्या काशा वेचायची. एक एकर खणायला एक उन्हाळा जायचा.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. ते सोडून ते बेळगावला आले, सायकलींचं दुकान चालवलं, कडबा कापायचं यंत्र केलं आणि 1903 साली लोखंडी नांगर केला. मोठे मोठे कारखानदार आज जाहिरातीवर पैसा ओततात. या माणसाला पहिली दोन वर्षं गिऱ्हाईकच मिळेना. शेतकरी म्हणायचे, लोखंड जमिनीत गेलं की जमिनीला विष चढतं. पुढं बेळगावची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1910 साली कुंडल रोड स्टेशनाजवळ त्यांना 32 एकर माळ दिला. निवडुंगानं भरलेला आणि सापांचा. तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले. माझ्या आज्जाला ही तोफांची गोष्ट फार आवडायची. आपल्याच नांगरात एखादी तोफ आहे असं तो धरून चालायचा. तसं असायचं कारण नाही, कारण आमचा नांगर युद्ध संपल्यावर पुष्कळ वर्षांनी आला, माझे वडील रांगत होते तेव्हा.

तरीही माझ्या पणज्यानं तीच हरकत घेतली. विष चढंल. आज्जानं ऐकलं नाही. चार बैलांत नांगर चालला. पहिल्या वर्षी कुंद्याच्या काशा उलथून उन्हात पडल्या आणि वाळून गेल्या. गाव बघायला आलं. दुसऱ्या वर्षापासून नांगर भाड्यानं जायला लागला, भाडं जोंधळ्यात. आज्जा सांगायचा, तीन सुगीत नांगर फिटला. आज्जी मात्र म्हणायची, "नांगरानं कुंदा काढला आन् माझं गोटबी काढलं." पुढल्या सुगीला गोट करतो असं आज्जा दर सुगीला म्हणत राहिला. ती गेली तेव्हा तिच्या हातात काचेच्याच बांगड्या होत्या. हे मी हिशेबात धरतो. आज्जानं धरलं नाही.

कंदिलाचं थोडक्यात सांगतो. काच ही गोष्ट आपल्याकडं तेव्हा बाहेरून यायची. अंताजी काळे नावाच्या गृहस्थांनी दर माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून तळेगावात 1908 साली काचेचा कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. पुढं ओगले बंधूंचा कारखाना ओगलेवाडीत उभा राहिला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत गेला. त्याआधी आमच्याकडं पत्र्याची चिमणी. वाऱ्याची झुळूक आली की विझणार, धूर नाकात जाणार. कंदिलाला दोन्ही बाजूंनी नळ्या असतात. त्यांतून वारा वळसा घेऊन वातीला मिळतो, म्हणून वात फडफडत नाही. सांजेला राखेनं काच पुसायचं काम पोरांचं, कारण लहान हातच आत जायचा. 1977 साली मी दहावी झालो तो त्याच कंदिलावर. काच दोनदा फुटली, दोन्ही वेळा माझ्याच हातून.

आता बॅटरी. म्हणजे विजेरी, पण गावात बॅटरीच म्हणायचे. तीन सेलांची, पितळी अंगाची. आज्जा सेलांना मसाला म्हणायचा, आणि मसाला संपणारी वस्तू म्हणून त्याचा तिच्यावर राग. नांगर एकदा घेतला की झाला, हिला सारखं खायला घाला. सेल मंदावले की आमच्या घरी ते कौलांवर उन्हात ठेवायचे. उन्हानं थोडा दम धरतात. बाहेर जस्ताचं डबडं, आत काळी भुकटी, मधे कोळशाची कांडी. साव संपलेल्या सेलाची कांडी काढून आम्ही भिंतीवर रेघोट्या ओढायचो. सांगायचं हे, की आमच्या घरी बॅटरी निम्मं वर्ष रिकामीच खुंटीला असायची.

विहिरीवर विजेची मोटर बसली आणि सगळं बदललं. वीज यायची ती रात्री. 1983 चा उन्हाळा होता, ऊस वाळत होता. धाकटा चुलता, आम्ही त्याला आण्णा म्हणायचो, पाणी पाजायला जायचा. त्या आठवड्यात बाजाराला मी गेलो होतो. सेल आणायला आण्णानं मला पैसे दिले होते. मी आणले नाहीत. उन्हात टाकलेले सेल अजून आठ दिवस ओढतील असं मला वाटलं, आणि त्या पैशांत मी चप्पल घेतली. बाविशीतला होतो, लग्नाचं बोलणं चाललं होतं. आण्णा मला काही बोलला नाही.

तो कंदील घेऊन गेला. कंदील घरात चांगला. रानात हातात धरला की चारी बाजूंना उजेड पडतो, पण त्याच्या बुडाची गोल सावली बरोबर आपल्या पायाशी पडते. दाऱ्यावर पाणी फोडताना त्याचा पाय घोणशीवर पडला. गाडीनं सडकेपर्यंत, तिथून उसाच्या ट्रकनं दवाखान्यात. पाय सुजला, लघवी बंद झाली, तिसऱ्या दिवशी तो गेला. आज्जा तेव्हा होता. बॅटरी खुंटीवरून काढून तो कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसला. बोकडाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. चपलेचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आमच्या घरात सेल कधी संपले नाहीत. आता तर डोक्याला बांधायचा दिवा मिळतो, हात मोकळे राहतात, रात्रभर चालतो. त्यातला निळा उजेड ज्या तिघा जपानी शास्त्रज्ञांनी शोधला त्यांना 2014 साली नोबेल मिळालं, हे मी पेपरात वाचलं आणि कात्रण ठेवलं.

आठ वर्षांपूर्वी थोरल्या पोरानं विहिरीवर मोबाईलचा स्टार्टर बसवला. पेटीत सिमकार्ड असतं. फोन लावायचा आणि बटण दाबायचं, मोटर घरबसल्या सुरू होते. वीज गेली तरी कळवतं. साडेतीन हजार पडले. मी आधी नको म्हणालो होतो. एक आठवडा वीज दिवसा, एक आठवडा रात्री, हे आमच्याकडं आजही चालूच आहे. पण आता खाली ठिबक आहे, रात्री दारं फोडायला कुणाला जावं लागत नाही.

चुलती अजून आहे. मोटर सुरू झाल्याचा मेसेज पोराच्या फोनवर वाजला की ती उठून विचारते, "कोण गेलंय रानात?" पोरगं म्हणतं, "कुणीच नाही, काकू." मग ती पुन्हा आडवी होते.