विम्बल्डनचा कप आणि खात्यातले 900 युरो

मंडळी, 12 जुलै 2015 चा रविवार आठवतो का? विम्बल्डनला लिअँडर पेस आणि मार्टिना हिंगिसनं मिश्र दुहेरी जिंकली. आदल्या दिवशी त्याच हिंगिसबरोबर सानियानं महिला दुहेरी मारली होती. सगळा देश या दोघांच्या कौतुकात बुडालेला. त्याच रविवारी हरियाणातल्या जैतपूर गावच्या सतरा वर्षांच्या सुमित नागलनं तिथंच मुलांची दुहेरी जिंकली. जोडीला व्हिएतनामचा ली होआंग नाम. स्कोअर 7-6, 6-4. समोर होता रायली ओपेल्का, त्या वर्षीचा मुलांच्या एकेरीचा चॅम्पियन, आणि त्याचा जोडीदार अकिरा सँटियन. व्हिएतनामला तर ज्युनियर ग्रँडस्लॅमचा हा पहिलाच कप.

हा कप आपल्या हातून एकदा अगदी थोडक्यात निसटलेला आहे. 1992 ची फायनल. महेश भूपती आणि आपला नितीन कीर्तने एका बाजूला, ऑस्ट्रेलियाचे स्टीव्हन बाल्डास आणि स्कॉट ड्रेपर दुसऱ्या. पहिला सेट 6-1 नं गेला. दुसरा आपल्या पोरांनी 6-4 नं खेचून आणला. तिसरा 9-7 नं हरले! कीर्तनेचं नाव आज आपल्याच जिल्ह्यात किती जणांना माहीत आहे, विचारून बघा.

भूपतीनं पुढं 1997 ला पॅरिसमध्ये जपानच्या रिका हिराकीबरोबर मिश्र दुहेरी जिंकली. भारतीयाचं ते पहिलं सीनियर ग्रँडस्लॅम. नंतर त्यानं एका टायर कंपनीच्या मदतीनं लहान पोरं निवडून तयार करायची योजना काढली. त्यात दहा वर्षांचा सुमित होता. बाप शिक्षक, घरची परिस्थिती बेताची. कंपनीचा पैसा काही वर्षांत थांबला, पण भूपतीनं सुमितला सोडलं नाही. म्हणजे 1992 ला हरलेल्याच्या हाताखालचं पोरगं 2015 ला जिंकलं.

पण ज्युनियर कपावर घर चालत नाही. ज्युनियर स्पर्धांना बक्षिसाची रक्कमच नसते. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. विमानाची तिकिटं, हॉटेल, कोच, फिजिओ, आणि मधे दुखापत झाली की कमाई शून्य. सुमितनं 2019 ला अमेरिकन ओपनमध्ये खुद्द फेडररकडून पहिला सेट घेतला, तरी सप्टेंबर 2023 मध्ये, देशाचा एक नंबरचा एकेरी खेळाडू असताना, त्यानंच सांगितलं की खात्यात 900 युरो आहेत. म्हणजे साधारण 80 हजार रुपये. आणि वर्षाचा खर्च कोटीच्या घरात.

चारच महिन्यांनी मेलबर्नला त्यानं 31 वा मानांकित बुब्लिक सरळ सेटमध्ये हरवला. एकेरीत ग्रँडस्लॅमला मानांकित खेळाडूला हरवणारा भारतीय 1989 नंतर पहिल्यांदाच दिसला. त्या एका विजयानं त्याचे जवळपास 98 लाख रुपये पक्के झाले.

आपल्या तालुक्यात कुणाचं पोर राज्य पातळीवर टेनिस खेळत असेल, तर वर्षाचा खर्च किती येतो आणि तो कोण करतं, खाली लिहा. नावं नकोत, आकडे द्या.