दिनविशेष : ४ नोव्हेंबर

४ नोव्हेंबर १९९४. ऐन दिवाळीत राजकुमार संतोषी यांचा ‘अंदाज अपना अपना’ प्रदर्शित झाला. आमिर खान, सलमान खान, रवीना टंडन, करिश्मा कपूर, दुहेरी भूमिकेत परेश रावल. तरीही तिकीटबारीवर तो आपटला. लोकांनी उचलून धरला तो नंतर, टीव्ही आणि व्हिडिओ कॅसेटवर. आजही उंबरमाळीला थांबलेल्या कसारा लोकलमध्ये एखाद्याच्या मोबाइलवर क्राइम मास्टर गोगो ओरडताना ऐकू येतो. गोगोच्या भूमिकेत शक्ती कपूर धमाल आहेतच. पण आमच्या मते बाजी मारली विजू खोटे यांनी. ‘शोले’तला कालिया गाजवलेल्या या मराठी नटाने इथे साकारलेल्या रॉबर्टची चूक कबूल करण्याची तऱ्हा अजून ऑफिसाऑफिसांत चालते. २५ एप्रिल २०२५ रोजी चित्रपट पुन्हा थिएटरात लागला. १९९४ मध्ये पाठ फिरवणाऱ्यांची पोरे आता तिकीट काढून बसली.