मिनिटाला साडेनऊ लिटर

अमेरिकेत घरातला जुना शॉवर बदलायला निघालं की दुकानात कायदा आडवा येतो. १९९२च्या ऊर्जा धोरण कायद्यानं ठरवलं, की १९९४पासून बनणाऱ्या शॉवरमधून मिनिटाला जास्तीत जास्त अडीच गॅलन, म्हणजे साधारण साडेनऊ लिटर पाणी यावं. पाण्याचा नियम ऊर्जेच्या कायद्यात कशाला? कारण तिकडे शॉवर म्हणजे गरम पाणी, आणि ते तापवायला गॅस नाहीतर वीज लागते. भिंतीवरचा जुना शॉवर कुणी काढून नेला नाही. तो गंजला की नवा मात्र नियमातलाच घ्यायचा.

लोक चिडले. डोक्यातला शाम्पू निघेना, तेव्हा ती चीड समजण्यासारखी आहे. अनेकांनी धार रोखणारी आतली चकतीच काढून टाकली. १९९६ साली 'साइनफेल्ड' मालिकेत तर क्रेमर सर्कशीत हत्ती धुवायचा शॉवर चोरून विकत घेतो!

कंपन्यांनी पळवाट शोधली: एका शॉवरला अनेक तोंडं, प्रत्येकाला वेगळे अडीच गॅलन. मग 'शॉवर' कशाला म्हणायचं यावरच भांडण पेटलं. ओबामांच्या काळात सगळ्या तोंडांचं पाणी एकत्र मोजायचं ठरलं. २०२०मध्ये ट्रम्प सरकारनं ते बदललं, २०२१मध्ये बायडेन सरकारनं परत फिरवलं, एप्रिल २०२५मध्ये पुन्हा ट्रम्प.

आणि ज्याच्या नावानं एवढी ओरड, त्या 'कंजूष' शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहिलं तर ७६ लिटर पाणी जातं. आपल्या वीस लिटरच्या जवळजवळ चार बादल्या.