होळीचा सण आणि एस्तेरची गुंडाळी

सन २०२५ च्या मार्च महिन्याच्या १३ तारखेस सायंकाळी आम्ही अहमदाबादेस खमासा भागात होतो. फाल्गुनी पौर्णिमा त्याच दिवशी सकाळी लागली होती. चौकाचौकांत होळ्या रचून तयार होत्या. पण त्या वर्षी भद्रा असल्याने त्या रात्री उशिरा पेटायच्या होत्या. रमजानचा महिना असल्यामुळे जवळच्या गल्ल्यांतून रोजा सोडण्याची लगबग चालली होती. पारशी अग्यारीसमोरील ज्या इमारतीत आम्ही निमंत्रणावरून शिरलो, तेथे मात्र तिसऱ्याच एका सणाचे दिवे लागले होते. ती इमारत म्हणजे १९३४ साली बांधलेले ‘मागेन अब्राहम’ हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर. सण पुरीमचा.

निवृत्तीपूर्वी सरकारी कामानिमित्त या इमारतीवरून आम्ही शेकडो वेळा गेलो असू. आत मराठी बोलली जाते, हे कळावयास मात्र निवृत्ती यावी लागली. बडोद्यात चार पिढ्या राहून मराठी जपल्याचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हांस ही गोष्ट थोडी लाजविणारीच वाटली.

पुरीमची कथा बायबलातील एस्तेर नावाच्या छोट्या ग्रंथात आहे. शूशन, म्हणजे आजच्या इराणातील सूसा, येथे अहश्वेरोश राजा राज्य करीत असे. त्याची राणी वश्ती मेजवानीत पाहुण्यांपुढे येण्यास नकार देते आणि पदच्युत होते. तिच्या जागी मर्दखय नावाच्या ज्यूने वाढविलेली पोरकी मुलगी एस्तेर येते, पण आपले कुळ ती उघड करीत नाही. प्रधान हामान याच्यापुढे मर्दखय लवत नाही. त्या रागापोटी हामान साम्राज्यातील सगळ्या ज्यूंचा एकाच दिवशी संहार करण्याचे ठरवितो आणि त्यासाठी चिठ्ठ्या टाकून दिवस काढतो. या चिठ्ठीस ‘पूर’ म्हणत. शब्द मूळचा बाबिलोनी. त्यावरूनच सणास पुरीम हे नाव पडले. पुढे बोलावणे नसताना राजापुढे जाण्याचे धाडस एस्तेर करते आणि मर्दखयासाठी उभारलेल्या फाशीवर हामानच चढतो.

अहश्वेरोश म्हणजे इ. स. पूर्व ४८६ ते ४६५ या काळातील इराणचा सम्राट झर्क्सिस, असे बहुतेक अभ्यासक मानतात. परंतु हेरोडोटसाने त्याच्या राणीचे नाव अमेस्त्रिस दिले आहे आणि अशा कोणत्याही कटाचा उल्लेख बायबलाबाहेर मिळत नाही. मर्दखय आणि एस्तेर ही नावेही मर्दुक व इश्तार या बाबिलोनी देवतांच्या नावांशी जुळतात. म्हणून पुष्कळ विद्वान या ग्रंथास इतिहास न म्हणता ऐतिहासिक कादंबरी म्हणतात. आमच्या मते सणाच्या दृष्टीने हा वाद गौण आहे. दुसऱ्याच्या राज्यात थोड्या संख्येने राहणाऱ्या समाजास दरबारी लहरीची जी धास्ती असते, ती या कथेत इतकी खरी उतरली आहे की, ती कोणी नुसती कल्पनेने रचली असेल असे वाटत नाही. एक विशेष असा की, हिब्रू एस्तेरमध्ये ईश्वराचे नाव एकदाही येत नाही. दुसरा विशेष आपल्याला अधिक जवळचा. राजाच्या १२७ प्रांतांचा विस्तार सांगताना पहिल्याच वाक्यात ‘होदू’ हे नाव येते. होदू म्हणजे सिंधूचा प्रदेश, अर्थात हिंदुस्थान. हिब्रू बायबलात आपल्या देशाचे नाव या एकाच ग्रंथात सापडते.

कोकणातील बेने इस्राएल या सणास ‘होळीचा सण’ म्हणत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेला व १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला या समाजाचा इतिहास जुन्या सणांची नावे देतो, तेव्हा ती सगळी मराठी निघतात. वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा कडक उपवास ती ‘दारफाळणी’, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसावयाचे. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक तो ‘बिरड्याचा’, कारण त्या उपवासाशी वालाचे बिरडे जोडलेले. हिब्रू नावे विसरली गेली होती, तिथी मात्र विसरल्या गेल्या नव्हत्या.

पुरीमला होळी म्हणण्यात शेजाऱ्यांच्या सणाची नक्कल नाही. ते पंचांगाचे गणित आहे. ज्यू महिनेही चंद्रावर चालतात आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी त्यांच्यातही अधिक मास धरतात, एकोणीस वर्षांत सात. पुरीम अदार महिन्याच्या चतुर्दशीस येतो आणि त्यांचा दिवस सूर्यास्तास सुरू होतो. त्यामुळे बहुतेक वर्षी पुरीमची रात्र होळीच्या रात्रीच्या आगेमागेच पडते. २०२५ साली तर दोन्ही एकाच रात्री आल्या. पण अधिक मास धरण्याची रीत दोहोंची निराळी. म्हणून कधी पुरा महिना चुकतो. २०२१ साली पुरीम २६ फेब्रुवारीस झाला आणि होळी २८ मार्चला. ज्या समाजापाशी शतकानुशतके लिखित ग्रंथ नव्हते, त्यास शेजारच्या गावची होळी ही आकाशातल्या चंद्राइतकीच पक्की खूण वाटली असेल.

हा समाज कोकणात केव्हा आला, हे निश्चित सांगता येत नाही. परंपरा सांगते की, अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ते घाण्यावर तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावांवरून केहिमकर, दिवेकर, अष्टमकर अशी आडनावे पडली. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी त्यांस प्रार्थनेची हिब्रू पुन्हा शिकविली. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. इंग्रजांच्या पलटणीत असताना टिपूच्या कैदेत ते सापडले आणि सुटलो तर देवाचे घर बांधीन असा नवस बोलले, असे सांगतात. अनेक देशांतील ज्यू आपापल्या गावच्या सुटकेचा एक खासगी पुरीम पाळीत. दिवेकरांनी सण न पाळता इमारत उभी केली. तिला समाजात ‘जुनी मशीद’ म्हणत. प्रार्थनामंदिरास त्यांच्या मराठीत मशीद हाच शब्द होता.

एकोणिसाव्या शतकात ही मराठी चांगलीच बहरली. पुण्यात १८७४ साली वल्हांडणाच्या रात्रीची पोथी मराठी भाषांतरासह व चित्रांसह छापली गेली. त्या चित्रांत पोळ्या लाटणाऱ्या बायका लुगडी नेसल्या आहेत. १८८० च्या सुमारास बायबलातील आख्यानांवर मराठी कीर्तने सुरू झाली. पुढे रेल्वे, टपाल, पलटण व इस्पितळांतील नोकऱ्यांच्या मागे हे लोक गुजरातेत आले. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वजही असेच नोकरीच्या मागे आले, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

त्या सायंकाळी आम्ही मागच्या बाकावर बसलो. वर सज्जात स्त्रिया, खाली पुरुष व मुले. एस्तेरची गुंडाळी चर्मपत्रावर लिहिलेली असते आणि ती पत्राप्रमाणे घड्या पाडून वाचतात, कारण ग्रंथात तिला पत्र म्हटले आहे. वाचकाने सुरात वाचन आरंभिले. हामानाचे नाव आले की मुले खुळखुळे फिरवीत, पाय आपटीत, ओरडत. नाव ऐकू येता कामा नये. हिब्रूचे एक अक्षर न समजताही आम्ही ती जागा ओळखू लागलो आणि लहानपणी शिमग्यात मारलेल्या बोंबा आठवल्या. हामानाच्या दहा मुलांची नावे एका श्वासात म्हणावयाची असतात. वाचकाने ती म्हटली आणि सज्जातून कौतुकाचा हुंकार आला.

वाचनानंतर एका वृद्ध बाईंशी बोलणे झाले. सगळे त्यांस मावशी म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हटले. त्यांच्या मराठीत कोकणचा हेल होता आणि मधूनमधून गुजराती शब्द येत होते. पूर्वी वाचनाआधी त्या मुलांना गोष्ट मराठीत सांगत. ‘‘आता गुजरातीत सांगते, थोडी इंग्रजीत. पोरांना वश्तीचा रुसवा मराठीत कळत नाही हो,’’ त्या म्हणाल्या. आमच्या नातवंडांची अवस्था काय आहे, ते आम्ही त्यांस सांगितले नाही.

अहमदाबादेत आता शंभर-सव्वाशे ज्यू उरले आहेत. सार्वजनिक प्रार्थनेस तेरा वर्षांवरील दहा पुरुष लागतात. सणाला ते जमतात. एरवीच्या शनिवारी दाराकडे डोळे लावून बसावे लागते, असे एका कार्यकर्त्यांनी सांगितले. बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलात गेली. तेथे प्रारंभी त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतल्या गेल्या. विवाहनोंदणीत अडथळे आले, जेरुसलेमात धरणी धरावी लागली आणि १९६४ साली तेथील संसदेने समानतेचा ठराव केला, तेव्हा तो प्रश्न निवळला. येथे महाराष्ट्र शासनाने २०१६ साली व गुजरात शासनाने २०१८ साली त्यांस अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. आयुष्यभर शासकीय ठराव लिहिलेल्या माणसाने सांगावे तर, तो योग्यच होता. मात्र गुजरातेत तो आला तेव्हा लाभ घेणारे हाताच्या बोटांनी नव्हे, तरी एका वहीत मावतील इतकेच राहिले होते.

पुरीमच्या दिवशी चार कर्तव्ये सांगितली आहेत: वाचन ऐकणे, गोरगरिबांस दान, स्नेह्यांस खाद्यपदार्थ पाठविणे आणि मेजवानी. त्या वर्षी पुरीमचा दिवस शुक्रवारी आला आणि सूर्यास्ताबरोबर शब्बाथ लागणार होता, म्हणून मेजवानी दुपारच्या आतच उरकणार होती. सकाळी निरोप घेण्यास गेलो, तेव्हा मावशींनी एक डबा हाती दिला. स्नेह्याला निदान दोन पदार्थ द्यावे असा नियम आहे. त्यांनी झाकण उघडून मोजून दाखविले, एक करंजी आणि एक पुरणपोळी. ‘‘नियम खरा आमच्यातल्या आमच्यात. तुम्हांला वरचे,’’ असे म्हणून त्यांनी झाकण लावले.

बडोद्याच्या गाडीत धूळवडीच्या रंगाने माखलेली पोरे होती. डबा आम्ही मांडीवर धरून बसलो. घरी पोहोचलो तेव्हा आदल्या दिवशीच्या नैवेद्याच्या पोळ्या उरल्या होत्या. दोन्ही एकाच ताटात वाढल्या गेल्या. सूनबाई त्यांच्या पोळीवर तूप घालू लागल्या, तेव्हा आम्ही थांबविले. मांसाच्या जेवणाबरोबर दूधदुभते चालत नाही, म्हणून मावशींकडे ती नारळाच्या दुधात बुडवून खातात. मग फडताळातला नारळ काढून फोडला गेला.