तळटीप : ‘निसर्ग’ चक्रीवादळाचा माग
‘निसर्ग’ : अरबी समुद्रातील तीव्र चक्रीवादळ, ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. १ जूनला समुद्रातील कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले आणि २ जूनला त्याला बांगलादेशाने सुचवलेले हे नाव मिळाले. उत्तर हिंदी महासागरातील वादळांवर भारतीय हवामान विभागाचे दिल्लीचे केंद्र लक्ष ठेवते, कॅरिबियन समुद्रासाठी हे काम मायामीचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र करते. तिकडे विमाने थेट वादळात शिरून वारा व दाब मोजतात. अरबी समुद्रात ही सोय नेहमीची नाही, म्हणून उपग्रहाच्या चित्रांतील ढगांची ठेवण व गुंडाळी पाहून तीव्रता ठरवावी लागते. वादळ टप्प्यात आले की मुंबई आणि गोव्याची डॉप्लर रडारे उपयोगी पडतात. नकाशावर पुढील मार्ग रुंदावत जाणाऱ्या शंकूने दाखवतात, कारण अंदाजातील चूक तासागणिक वाढते. हा शंकू केवळ केंद्राच्या संभाव्य मार्गाचा असतो, नुकसानीच्या हद्दीचा नव्हे. ‘निसर्ग’चे केंद्र रायगडात गेले, तरी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली, मंडणगड भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ तर रत्नागिरीसमोरून समुद्रातूनच उत्तरेस सरकले आणि गुजरातेत किनाऱ्यावर चढले. त्याचाही फटका जिल्ह्याला बसला. म्हणून शंकूच्या मधल्या रेघेवर विसंबू नये. बंदरावर धोक्याचा बावटा लागताच होड्या आत आणाव्यात.