निर्वासित आणि अर्ध्या पेनीचें वर्तमानपत्र

इ. स. १८८१ च्या मार्च महिन्यांत रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि थोड्याच दिवसांत दक्षिण रशियांतील ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. पुढील वर्षीं सरकारनें ज्यूंवर नवे निर्बंध लादले. तेव्हांपासून पहिल्या महायुद्धापर्यंत लक्षावधि ज्यू घरेंदारें सोडून पश्चिमेकडे निघाले. बहुतेकांची दृष्टि अमेरिकेकडे होती. तथापि एक लाखाहून अधिक लोक इंग्लंडांतच राहिले, आणि त्यांतील पुष्कळांनीं लंडनच्या पूर्व भागांत, व्हाइटचॅपेल व स्टेपनी येथें, शिवणकामावर व जोडे शिवण्यावर पोट भरण्यास आरंभ केला.

हे लोक बहुतेक इंग्रजांच्या कधीं दृष्टीसहि पडले नव्हते. १९०१ च्या शिरगणतींत संयुक्त राज्यांतील सर्व परदेशीयांचें प्रमाण दर शेंकडा एकाहूनहि कमी भरलें. मग लीड्स वा ब्रिस्टल येथील गृहस्थाला स्टेपनीच्या शिंप्याविषयीं मत तरी कोणत्या आधारावर बनवितां आलें? तो आधार रोज सकाळीं त्याच्या दारांत येऊन पडत असे. आल्फ्रेड हार्म्सवर्थ यानें ४ मे १८९६ रोजीं 'डेली मेल' सुरू केलें. किंमत अर्धी पेनी. बोअर युद्धाच्या धामधुमींत त्याचा खप दहा लाखांवर गेला. इतक्या घरांत एकच गोष्ट एकाच सकाळीं पोंचविण्याचें सामर्थ्य त्यापूर्वीं कोणाहि उपदेशकाला लाभलें नव्हतें.

त्या युद्धामुळेंच दक्षिण आफ्रिकेंतून पळालेल्या लोकांना घेऊन 'चेशायर' नांवाचें जहाज साउदॅम्प्टनला लागलें. ३ फेब्रुवारी १९०० च्या 'डेली मेल'मध्यें त्याचें वर्णन आलें. उतारू सहाशेंवर, त्यांचें भाडें लंडनच्या मेयरच्या मदतनिधींतून दिलेलें. बातमीदारानें त्यांना 'तथाकथित' निर्वासित ठरविलें. खरे गरजू म्हणजे त्यांतले इंग्रज. बाकीचे ज्यू, धक्काबुक्की करून पुढें घुसणारे, आणि मदतमंडळ जवळ येतांच सोनें लपवून रडगाणें गाणारे! त्या गर्दींतील एकाचेंहि नांव, गांव वा पळून येण्याचें कारण वाचकाला कळलें नाहीं. धक्क्यावरची घटकाभराची गर्दी हीच सबंध जातीची ओळख होऊन बसली.

आंकड्यांची कथा याहून विलक्षण आहे. व्यापारखातें परदेशी उतारूंची मासिक यादी प्रसिद्ध करी. पुढील प्रवासाचें तिकीट आधींच काढलेले लोक तींत निराळे दाखवीत. बाकीचे सारे 'पुढें जाणार असल्याचें न सांगितलेले' या एका सदरांत पडत. त्यांत खलाशी असत, आणि थोड्या दिवसांनीं लिव्हरपूलहून अमेरिकेचें जहाज गांठणारेहि असत. वाणी वहींत नुसती जमा मांडील आणि खर्च लिहिणारच नाहीं, तसा हा हिशेब. यादींत लबाडी नव्हती. परंतु मथळा देणाऱ्याला एवढी बारीक फोड कोठून परवडणार? त्यानें सारे उतारू कायमचे रहिवासी धरले.

स्टेपनींतील मजुराचें दुःख खोटें होतें असें मात्र कोणी समजूं नये. रेल्वे, वखारी व शाळा यांसाठीं तेथें घरें पाडलीं जात होतीं, भाडीं चढत होतीं, एकेका खोलींत दोन दोन कुटुंबें राहात. पण घरमालक वर्तमानपत्रांत क्वचितच दिसे. परदेशी शेजारी रोज दिसे.

१९०२ मध्यें सरकारनें चौकशी आयोग नेमला. या लोकांनीं सांथी आणल्या हा आरोप आयोगाच्या १९०३ च्या अहवालांत टिकला नाहीं. कुशल इंग्रज कारागिरांचा धंदा त्यांनीं बुडविला हेंहि सिद्ध झालें नाहीं. तरी निर्बंधांची शिफारस झालीच. मँचेस्टरच्या 'गार्डियन'नें विरोध केला. मे १९०४ मध्यें चर्चिल यांचें विरोधाचें पत्रहि छापून आलें. अखेर १९०५ सालीं परकीयांविषयींचा कायदा मंजूर झाला. त्यांत 'ज्यू' हा शब्द कोठेंहि नाहीं. वीसांहून अधिक परदेशी उतारू स्वस्त वर्गांतून आणणाऱ्या जहाजांची तपासणी व्हावी, एवढेंच त्याचें बाह्य रूप. धर्मच्छळामुळें आलेल्यांना सवलतहि ठेवली होती. पण तोंवर 'परका' म्हणजे 'ज्यू' हा अर्थ इतका रूढ झाला होता कीं कायद्याला तो शब्द लिहिण्याची गरजच उरली नव्हती.

या अर्थाचा जाच नव्या लोकांपुरता राहिला नाहीं. पिढ्यान् पिढ्या इंग्लंडांत राहिलेल्या सुखवस्तु ज्यूंनाहि आपली प्रतिष्ठा जाईल अशी धास्ती पडली. त्यांच्याच धर्मादाय मंडळानें पूर्व युरोपांतील ज्यू पत्रांतून 'इकडे येऊं नका' अशा सूचना छापल्या आणि आलेल्या हजारोंना परत धाडलें. वर्तमानपत्रानें दाखविलेल्या आरशांत एक समाज स्वतःच्या भावंडांना पाहूं लागला होता.

२० ऑगस्ट १९३८ रोजीं, हिटलरच्या राज्यांतून ज्यू जीव मुठींत धरून पळत असतां, त्याच 'डेली मेल'नें जर्मन ज्यूंचा लोंढा देशांत घुसत असल्याचा मथळा दिला; आधार एका मॅजिस्ट्रेटच्या उद्गारांचा होता. त्याच वर्षीं २ डिसेंबरला निर्वासित बालकांची पहिली तुकडी हारिच बंदरांत उतरली. हातांत बाहुल्या व पेट्या घेतलेल्या त्या मुलांचीं छायाचित्रें पत्रांतून झळकलीं, आणि अनेक इंग्रज घरांचीं दारें उघडलीं. युद्ध पेटेपर्यंत सुमारे दहा हजार मुलें आलीं. त्यांच्या आईबापांना त्या योजनेंत प्रवेश नव्हता.