बोरघाटाचे काम कोणी केले?

कळंब्याच्या आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी रेल्वेच्या बांधकामावर प्रोजेक्ट मॅनेजर आहे. मध्यंतरी तो शाळेत आला असता नववीच्या मुलांनी त्याला सरळच विचारले, ‘‘नकाशे काढणारे वेगळे, पूल बांधणारे वेगळे, रूळ टाकणारे वेगळे. मग तुम्ही काय करता?’’ मुले हसली, तोही हसला; पण त्याला नीट उत्तर काही देता आले नाही. पुढे आम्ही या प्रश्नाचे उत्तर वर्गात इतिहासातून शोधायचे ठरवले. त्यासाठी फार दूर जावे लागले नाही. कोल्हापूरहून मुंबईला रात्रीच्या गाडीने जाताना जो बोरघाट आपण झोपेत उतरतो, तोच घेतला.

मुंबई ते ठाणे ही पहिली रेल्वे १८५३ साली धावली. १८५६ मध्ये गाडी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोहोचली आणि १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. सोपे तुकडे आधी पुरे करून उत्पन्न सुरू करायचे, हा त्यातला हिशेब. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी ओलांडावा लागे.

घाटातील मार्गाची लांबी जेमतेम १६ मैल आणि चढ १,८३१ फूट. वर्गात याचे गणित जरूर करून घ्यावे. सरासरी चढ साधारण ४६ फुटांना १ फूट असा येतो. प्रत्यक्षात सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट आहे. वाटेत २५ बोगदे आणि दऱ्यांवरचे ८ मोठे कमानी पूल. एवढे करूनही एका ठिकाणी वळण बसेना, तेव्हा गाडी थांबवून उलट दिशेने पुढे न्यायची अशी सोय केली. ती १९२९ पर्यंत चालू होती. ही सारी आखणी जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याची. घाटाचे काम पुरे होण्याच्या आदल्या वर्षी, १८६२ मध्ये, तो वारला.

आखणी कागदावर झाली. आता काम कसे करायचे? मुलांनी लगेच सुचवले, ‘‘भरपूर माणसे लावायची!’’ माणसे भरपूर लावलीही होती. १८६१ मध्ये ही संख्या ४२,००० वर गेली. पण बोगद्याच्या तोंडाशी एका वेळी मोजकीच माणसे उभी राहू शकतात. काळ्या बेसाल्टमध्ये हाताने पहार मारून भोक पाडायचे, त्यात बंदुकीची दारू ठासायची, सुरुंग उडवायचा, धूर निवला की दगड बाहेर काढायचा आणि पुन्हा पहार उचलायची. डायनामाइट अजून निघायचे होते. नोबेलने त्याचे पेटंट घेतले ते १८६७ साली. डोंगरात वरून विहिरीसारखा उभा खड्डा नेता आला, तर बोगद्याला मध्येच आणखी दोन तोंडे मिळतात. पण कड्याला लागून असलेल्या बोगद्यात तेही जमत नाही. म्हणजे बाहेर हजारो माणसे असली तरी सगळ्या कामाचा शेवट कधी होणार, हे त्या लांब बोगद्यातली थोडी माणसे ठरवतात. याचे रीतसर शास्त्र अमेरिकेत १९५७च्या सुमारास तयार झाले. पण दुर्लक्ष केले तर वर्ष वाया जाते, हे घाटात काम करणाऱ्याला त्याआधीही कळतच होते, कारण पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ ठप्प. मजूर गावी जात आणि पावसानंतर त्यांना पुन्हा जमवावे लागे.

ही माणसे कशासाठी परत येणार? इथे आमच्या मते या इतिहासाचा गाभा आहे. १८५५ मध्ये कंत्राट विल्यम फॅविएल याला मिळाले होते. मुंबई-ठाणे मार्गावर काम केलेला हा माणूस अननुभवी नव्हता. पण पैसा त्याच्या हाताखालचे गोरे देखरेखे आणि मुकादम यांच्यामार्फत खाली झिरपत असे. ठरल्यापेक्षा कमी मजुरी मिळते आणि तीही वेळेवर नाही, ही तक्रार वाढत गेली आणि जानेवारी १८५९ मध्ये घाटात दंगा उसळला. त्याच वर्षी फॅविएलने कंत्राट सोडले. सरकारने १८६० मध्ये मालक-मजूर तंट्यांचा कायदा केला, त्यामागे मुंबई इलाख्यातील रेल्वेच्या कामांवरचे असेच दंगे होते. बेसाल्ट फोडणाऱ्या कंपनीला शेवटी अडवले ते पगारवाटपाने!

पुढचे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल याने घेतले. तो सपत्नीक आला आणि १८५९ च्या नोव्हेंबर महिन्यात, काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत, आजारपणाने वारला. पत्नी ॲलिस कंत्राट सोडून परत जाऊ शकली असती. तिने ते स्वतःकडे ठेवले आणि ॲडमसन व क्लाउसर या दोन जाणत्या अभियंत्यांना कामाची व्यवस्था सोपवली. १८६३ च्या एप्रिलमध्ये घाट खुला झाला. काही लेखांत ती जणू स्वतः पहार घेऊन उभी होती असे रंगवलेले आढळते. आम्हांला त्याची गरज वाटत नाही. योग्य माणसे निवडणे, त्यांना अधिकार देणे आणि तोट्याची जबाबदारी आपल्या नावावर ठेवणे, एवढे तिने केले. आमच्या माजी विद्यार्थ्याला मुलांना नेमके हेच सांगायचे होते.

याच काळात घाटात पटकीने अनेक बळी घेतले. दरडीवर दोराने लोंबकळून सुरुंग भरणारेही पडून मेले. मजुरांच्या मृत्यूंची नेमकी गणती झालीच नाही. हजेरी मुकादमाच्या टोळीची असे, माणसाची नसे.

मुलांपैकी एकीने विचारले, ‘‘मग काम चांगले झाले का?’’ बहुतेक चांगले झाले. आज त्या वाटेने आपल्या गाड्या जातातच. पण जुलै १८६७ मध्ये, खुला होऊन उणीपुरी चार वर्षे झाली असताना, माहुकीमाळीचा कमानी पूल कोसळला. बाहेरून तासलेला दगड, आत भरड चुन्याची निकृष्ट भर. कमान बांधून झाली की आतला चुना कोणाला दिसत नाही. तो बांधताना पाहणारा माणूस तिथे हजर असावा लागतो. त्यानंतर कंपनीच्या इतर पुलांचीही तपासणी झाली आणि पुष्कळ बांधकाम पाडून पुन्हा करावे लागले.